शंभर टक्के नैसर्गिक, थर वगळून

आदिलाबाद

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. बाकी काही बदललं नाही. माती काळी ती काळीच, शेतात कापूस फुटलेला, रस्त्याच्या कडेला टोपल्यांत सीताफळं. दुसरं राज्य सुरू झालं म्हणून मी उगाच सावरून बसले होते.

फिरायला म्हणून आदिलाबादला फारसं कोणी जात नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून जाणारे या जिल्ह्यात एखाद्या ढाब्यावर चहा पितात आणि पुढे निघतात. मीही अशीच पुढे गेले असते. पण पुण्यात मी ज्या छोट्या गटात काम करते, त्याचं काम पत्रकं काढणं हे आहे. कंपन्या आपल्या मालावर 'हिरवं', 'पर्यावरणपूरक', 'निसर्गस्नेही' असं जे छापतात, त्यातलं खोटं लोकांना दाखवून देणं, आणि जमलं तर तक्रार लावून धरणं. आमच्या पत्रकांची भाषा गोड नसते. माझीही नाही. त्यातलं एक पत्रक फिरत फिरत आदिलाबादच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मराठी सरांच्या हाती पडलं आणि त्यांनी फोन केला. "आमच्याकडे एक गाय मेली आहे," ते म्हणाले. गाईचा आणि पत्रकाचा संबंध काय, असं मी विचारलं. "या, दाखवतो," एवढंच म्हणाले.

दिवाळी तोंडावर होती. घरी आई रागावली. मी निघाले.

सरांचे आजोबा निजामाच्या काळात महसुलात होते. त्या घरात अजून शेताच्या कागदाला 'पहाणी' म्हणतात आणि जुन्या फायलीला 'मिसल'. काकू, म्हणजे सरांच्या बायको, फोनवर तेलुगूत बोलत होत्या, दारावरच्या माणसाशी हिंदीत आणि नवऱ्याशी मराठीत, आणि या तिन्ही गोष्टी भाकरी थापता थापता. आमच्याकडे एका माणसाला एक भाषा पुरते आणि तीही नीट येत नाही. जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. इथे तिला पुंटीकूर म्हणतात आणि लसणाबरोबर इतकी मिरची घालतात की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांना वाटलं, मी गाईच्या गोष्टीने हेलावले.

खरं म्हणजे गोष्ट तोवर सुरूच झाली नव्हती. जेवण झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. चिंधीसारखा, मळकट, पारदर्शक पापुद्रा. धुतलेला होता. त्याच्या मधोमध हिरवं पान छापलेलं, अजून हिरवंगार.

"माझ्या सासरच्या नात्यातलं घर आहे. तलमडुगूकडे," सर म्हणाले. "भाजीवाले लोक. गाय महिनोन् महिने वाळत गेली. पोळ्याच्या सुमारास मेली. जनावरांच्या डॉक्टरने पोट उघडलं तेव्हा असल्याचे गोळेच्या गोळे निघाले. लग्नातल्या प्लेटा. निसर्गस्नेही म्हणून आणलेल्या."

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. एवढा धडधडीत पुरावा आमच्या हाती कधीच आला नव्हता. तो पापुद्रा मी दिव्यापुढे धरला, उलटसुलट केला, त्याचे फोटो काढले. सर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

इचोडा

गावी जाण्याआधी मला पाकीट हवं होतं. न फोडलेलं. त्या प्लेटा इचोड्याच्या बाजारातून घेतल्या होत्या, म्हणून सर मला बसमध्ये बसवून देऊन कॉलेजला गेले.

इचोडा म्हणजे हमरस्त्यालगतचा बाजार. ट्रक, ढाबे, टायरवाले, आणि मध्येच सोन्याचं दुकान. लग्नाच्या सामानाचं दुकान एका म्हाताऱ्या मराठी काकांचं निघालं. मी पत्रावळ्या मागितल्या. त्यांनी वर न बघता हात मागे नेला आणि पाकीट पुढे टाकलं.

"थर्माकोल बंद हाय. हे घ्या, ग्रीन."

पाकिटावर मोठं हिरवं पान. त्याच्याखाली एक झोपडी, एक झाड, झाडाखाली रवंथ करणारी गाय. इंग्रजीत आणि तेलुगूत लिहिलेलं. तेलुगू मला येत नाही, इंग्रजीचा अर्थ असा: शंभर टक्के नैसर्गिक, मातीतून मातीकडे. 'शंभर टक्के'च्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. मी पाकीट उलटं केलं. तळाशी, जिथे चिकटपट्टी येते तिथे, दुसरी चांदणी आणि तिच्यापुढे चार इंग्रजी शब्द, अर्थ असा: 'पृष्ठभागावरील थर वगळून'.

इथे थोडं थांबून तुम्हाला सांगते, कारण तुम्हीही उद्या बाजारात जाणार आहात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला कंपनी बोलते आणि मागच्या बाजूला तिचा वकील. आधी वकिलाचं ऐका. हिरवं पान कोणीही छापू शकतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. 'पर्यावरणपूरक' या शब्दाने काहीच कळत नाही. कशापेक्षा पूरक, कोणी तपासलं, हे लिहिलेलं नसेल तर तो शब्द नुसता रंग आहे. 'कुजतं' असं लिहिलं असेल तर विचारा, कुठे? तुमच्या परसात, की असल्या मालासाठी बांधलेल्या एखाद्या कारखान्यात जो तुमच्या जिल्ह्यात नाहीच? आणि एक गुण मोठ्याने सांगत असतील तर दुसरं काय झाकतायत ते शोधा. चित्राला तर कोणी हातच लावू शकत नाही. गाय दाखवली, गाईने हे खावं असं आम्ही कुठे म्हटलं, असं ते विचारतील. खरंच विचारतात.

शेजारच्या हॉटेलातून मी कपभर कडक चहा आणला. प्लेटीचा तुकडा फाडून त्यात बुडवला. थोड्या वेळाने नखाने कोपरा उचलला तशी दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा अख्खा निघून आला. खाली ओला पुठ्ठा.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे बापा."

"हे प्लास्टिक आहे, काका."

"कंपनीचा माणूस आला होता, त्यानं सांगतलं, काका, हे झाडापासून बनते. आता झाडापासून तर दारू बी बनते." ते स्वतःच हसले. मग माझ्या हातातलं आमचं पत्रक त्यांनी घेतलं आणि अंगठ्याने चोळलं. "हे कायचं हाय?"

"कागद आहे."

"मंग चकचकीत काऊन हाय?"

मी म्हणाले, छापखान्याने केलंय, आम्ही सांगितलं नव्हतं. "हौ," काका म्हणाले, "मले बी माझ्या कंपनीनं इचारलं नाई."

मी चिडले. मग अजून का विकता, असं विचारलं. ते म्हणाले, लग्नसराई आली, मी नाही विकल्या तर बाजूचा विकतो. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. पूर्वी गुड्यावरच्या, म्हणजे गोंडवस्तीवरच्या, बाया मोदुगच्या पानांच्या पत्रावळी आणायच्या. मोदुग म्हणजे आपला पळस. बांबूच्या काडीने टाचलेल्या, वाळवून गठ्ठे बांधलेल्या. "दोन लगनं बिनापानाची गेली का तिसऱ्या लगनाले बाई पान तोडाले जात नाई, ताई. मी तरी काय करू? माझ्यापाशी आता कोनी मांगत बी नाई."

मी दोन पाकिटं घेतली. तो पापुद्रा त्यांनी गल्ल्याजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला. लोकांना दाखवायला की स्वतःला, ते मी विचारलं नाही. चहाचा कप मात्र परत करताना हॉटेलवाल्याने मला तेलुगूत काहीतरी सुनावलं. अर्थ कळला नाही, सूर कळला.

तलमडुगूकडे

दुसऱ्या दिवशी सरांच्या स्कूटरवर मागे बसून गावाकडे निघाले. दोन्ही बाजूंना पावसावरचा कापूस, पहिली वेचणी चाललेली. बाया कमरेला ओटी बांधून ओळीने सरकत होत्या. मधूनच ज्वारीचा पट्टा. दुरून ढोल ऐकू येत होते. "गुड्यावर दंडारी बसली," सर म्हणाले. गोंडांची दिवाळी अशी आधीपासून नाचत येते. आमच्याकडे दिवाळी म्हणजे मोबाईलवर येणाऱ्या सवलती.

घर कौलारू, पुढे मोठं अंगण, मागे विहीर आणि वांग्या-मेथीचे वाफे. त्या घरचे काका वांगी तोडून आले. त्यांच्या बायको, काकू, चुलीपाशी. मला बसायला खाट टाकली. अंगणाच्या कडेला एक खुंटा होता, त्याला दावं गुंडाळून ठेवलेलं, आणि त्याच्याभोवतीची जमीन ताज्या शेणाने सारवलेली. शेण शेजाऱ्याकडून आणलं असणार.

काकूंनी चहा दिला. "काळा च्या हाय, माय. घरी दूध नाई."

मी बोलायला सुरुवात केली ती आमच्या पत्रकासारखी. कंपनीने फसवलंय, आपण तक्रार करू, एक तक्रार टिकली तर बाजारातून हा माल निघू शकतो. तक्रार टिकायला दोन गोष्टी लागतात. पाकिटावरचं वाचून त्यावर विश्वास ठेवणारं माणूस, आणि त्या विश्वासापायी झालेलं नुकसान. दोन्ही एकाच कागदावर, नावानिशी. तुमच्या घरात दोन्ही आहे. इतकं मी एका दमात म्हणाले. काकांनी मान हलवली.

"मी तं तयार हाय, ताई. पन ढोराचं तिच्या हाती हाय. तिले पुसा."

काकू भाकरीचं पीठ मळत राहिल्या. मग काकांनीच सांगितलं.

लेकीचं लग्न उन्हाळ्यात झालं. घरात तिला सगळे बेबी म्हणतात. आदिलाबादला कॉलेज शिकलेली. थर्माकोलच्या पत्रावळी अंगणात येऊ देणार नाही म्हणून ती अडून बसली. पळसाच्या मिळाल्या नाहीत. तेव्हा इचोड्याला जाऊन, पाकिटावरचं इंग्रजी वाचून, तिने स्वतः या प्लेटा निवडल्या. पंगतीत हळदीच्या अंगाने उभी राहून सगळ्यांना सांगत होती, प्लेटा मागच्या उकिरड्यात टाका, खत होते.

आणि या घरात एक रीत आहे. लेक सासरी निघण्याआधी ज्या पानावर जेवते ते पान, उष्ट्यासकट, आई गाईपुढे ठेवते. लेकीचा घास घरच्या गाईच्या पोटात गेला की लेकीचं दाणापाणी या घरातून तुटत नाही. पळसाची पत्रावळ असली की गाय ती पानासकट खाते, आणि ते शुभ मानतात.

"यंदा पान नोयतं," काका म्हणाले. "प्लेट होती. पन वरन-तुपानं ओली. हिनं ठेवली, कबरीनं चाटली, मंग खाल्ली. समद्यायले चांगलं वाटलं. हिनं मंग दावं सोडून तिले उकिरड्यावर सोडलं. खाय म्हने, पोट्टीच्या लगनाचं हाय."

कबरी म्हणजे गाय. अंगावर काळे-पांढरे ठिपके म्हणून कबरी. बेबीने ती वासरू असताना बाटलीने दूध पाजून जगवली होती.

आषाढात बेबी माहेरी आली, तशी रीत आहे, तेव्हा कबरी वाळायला लागली होती. बेबीने तिला गूळ चारला आणि म्हणाली, माझ्याविना सुकली ही. सगळे हसले. मग दूध आटलं, पोट फुगायचं आणि उतरायचं, रवंथ थांबला. डॉक्टर येऊन गेले, औषधं झाली. पोळ्याच्या सुमारास कबरी बसली ती उठली नाही. पोट उघडलं तेव्हा काकू तिथेच उभ्या होत्या. हिरवी पानं त्यांनी पाहिली.

"बेबीला काय सांगितलं?" मी विचारलं.

"इकली म्हनून सांगतलं," काकू म्हणाल्या. गाईबद्दलचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "दूध आटलं म्हनून इकली."

"तिला कधीतरी कळेलच."

"कोन सांगन? गावात समद्यायले सांगून ठेवलं हाय."

"काकू, पण तक्रार केली तर..."

"तं तिचं नाव येईन. तिनं वाचलं, तिनं आनल्या. कागदावर येईन." त्यांनी हात धुतले. "ती माह्याशी बोलत नाई, माय. गाय इकली म्हनून दसऱ्यापासून फोनवर बोलत नाई. बापाशीच बोलते. नको बोलू. पन आपल्या लगनानं कबरी मेली हे तिले कळालं तं ती उभ्या जलमात कोन्या लगनात जेवन का?"

मी गप्प कधी बसत नाही, म्हणून तेव्हाही बसले नाही. मी म्हणाले, अजून किती लग्नं या प्लेटांवर होणार आहेत, त्या किती गाईंच्या पोटात जाणार आहेत, तुमच्या गप्प राहण्याने कंपनीचंच भलं होतं. सगळं खरं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं.

"तुमाले माय हाय?"

"आहे."

"मंग तिले पुसजा, तिनं काय केलं असतं."

सर स्कूटर घेऊन परतले. त्यांना दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं. मला काकूंनी ठेवून घेतलं. भांडलेल्या पाहुण्याला न जेवता पाठवत नाहीत, असं काका म्हणाले. त्यांचं ते वाक्य मी चेष्टा समजले. पण ताटात सगळ्यांत आधी मलाच वाढलं गेलं.

बेबी

बेबी दिवाळीला येणार होती. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. नवरा नेरडीगोंड्याच्या दुकानात अडकलेला, म्हणून धाकट्या दिराने मोटारसायकलवर आणून सोडलं आणि तो चहाही न घेता गेला.

उंच, हसरी पोरगी. हातातला चुडा अजून नवा. बापाच्या पाया पडली, माझ्याकडे बघून हसली, आणि आईपुढून चालत जाऊन खुंट्यापाशी उभी राहिली.

"कोनाले इकली?"

"होता एक, दूरचा," काकू म्हणाल्या.

"नाव नाई का त्याले?"

"मी नाई इचारलं."

"बाजारात न्यायाले तुले कबरीच भेटली," बेबी म्हणाली. "माह्यं पान जिनं खाल्लं, तिलेच."

काकू म्हणाल्या, "दूध आटलं होतं." आणि तव्यावर भाकर टाकली. मी त्या बाईकडे बघत होते. आपल्या लेकीच्या डोळ्यांत त्या रोज लोभी ठरत होत्या आणि ते त्यांना चालत होतं.

मी तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण पहिली बस गेलेली होती.

बेबी माझ्याजवळ खाटेवर येऊन बसली. सरांनी तिला फोनवर सांगितलं होतं की पुण्याची एक पर्यावरणवाली आईकडे उतरली आहे. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. "तुमी त्या ना, ताई? आमच्या कॉलेजात बी एक मॅडम होत्या तशा. त्यांच्यामुळंच तं." आणि ती भरभर सांगत सुटली. लग्नात थर्माकोल कसं येऊ दिलं नाही. मंडपवाला कसा कुरकुरला. सासरचे लोक कसे हसले, नवरी आहे की सफाईवाली, म्हणाले. पण नंतर नणंदेच्या बाळाच्या बारशाला त्यांनीही त्याच प्लेटा आणल्या, तिच्यामुळे. "पाकीट वाचूनच घेतल्या मी. शंभर टक्के नॅचरल. मातीतून मातीकडे."

मग ती माझ्याकडे वळली. शाबासकीसाठी थांबलेलं माणूस जसं बघतं तशी.

"बरोबर केलं ना, ताई?"

असं वाक्य माझ्यासमोर कोणी म्हटलं की एरवी मला उत्तर द्यायला एक क्षण लागत नाही. मी पाकीट मागवते, उलटं करते, चांदणीवर बोट ठेवते. सभांमधून हे करताना लोक टाळ्या वाजवतात. माझ्या पिशवीत इचोड्याची दोन पाकिटं होती. चुलीपाशी काकूंचा हात तव्यावरच थांबला होता. भाकर करपल्याचा वास येत होता आणि त्यांनी ती उलटली नाही.

मी म्हणाले, "तुझ्या परीने तू बरोबरच केलंस."

बेबीचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्या तोंडावर फिरले. "माझ्या परीनं म्हंजे?"

मी पिशवी मांडीवर ओढली. शंभर टक्के हो म्हणायचं होतं आणि मी त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी लावून ठेवली होती. शिकलेली पोरगी. तिने ती वाचली.

ती उठली. आईकडे पाहिलं. मग खुंट्याकडे, सारवलेल्या जमिनीकडे. विकलेल्या गाईच्या जागी कोणी इतकं निगुतीने सारवत नाही.

"आई, त्या प्लेटा कबरीनं खाल्ल्या का?"

काकू म्हणाल्या, "भाकर खाय आंधी."

उकिरडा

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. परसात गेली, विहिरीपलीकडच्या उकिरड्यापाशी, आणि साडीचा पदर खोचून आत उतरली. मी मागोमाग गेले. काका वाफ्यात उभे होते. त्यांनी लेकीला बघितलं आणि ते पाठ करून मेथी खुडत राहिले.

पावसाळा होऊन गेला होता. शेण, पालापाचोळा, भाजीचे देठ, राख, सगळं एकजीव होऊन काळं झालं होतं. पुठ्ठाही गेला होता. राहिले होते ते पापुद्रे. एकावर एक, चिकटलेले, आणि माती झटकली की प्रत्येकावर हिरवं पान, काल छापल्यासारखं. हेच खत पुढच्या महिन्यात वाफ्यांत पडणार होतं. बेबी वाकून एकेक ओढून काढत होती आणि टोपल्यात टाकत होती.

मी उतरायला गेले तर म्हणाली, "तुमी नका, ताई."

मग मान न उचलता म्हणाली, "तुमी त्यासाठीच आल्या होत्या ना?"

"हो."

"करा तक्रार. माह्यं नाव लिहा. म्या वाचलं, म्या आनल्या, म्या समद्यायले सांगतलं. पन मायनं चारल्या असं लिहू नका. कबरी उकिरड्यावर आपोआप गेली असं लिहा."

"तसं लिहिलं तर खोटं होईल. आणि तुमची गाय कोणाच्या हातून खाल्ल्याने मेली हे ते विचारणारच."

"मंग नका लिहू," ती म्हणाली आणि पुढचा पापुद्रा ओढला. तो लांब होता, मध्ये फाटला.

मी पिशवी घ्यायला घरात आले. काकू चुलीपुढे तशाच बसल्या होत्या. चूल विझलेली.

"काडून राह्यली का?"

"हो."

त्यांनी करपलेली भाकर तव्यावरून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आता कळालंच तिले, तं टाका माह्यं नाव. म्या चारलं माह्या हातानं, हे लिहा. अंगठा नाई, सही करते मी. पन तिनं आनल्या असं नका टाकू. आमच्या घरच्यानं आनल्या असं टाका, त्यायले इंग्रजी-तेलगू वाचता येत नाई."

मला कायदा माहीत आहे, तो माझा धंदा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याची पाकिटाने फसवणूक झाली असं सिद्ध होत नाही. जिने वाचलं तिचं काही नुकसान झालं नाही, गाय आईची. दोघी एका कागदावर आल्या तरच तक्रार उभी राहते. आणि एका कागदावर आल्या तर दोघींना एकमेकींचं नाव वाचावं लागतं. मी काकूंना हे समजावून सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. आयुष्यात फार वेळा मी असं केलेलं नाही.

म्हणून पुण्याला परत आल्यावर मी तक्रार लिहिली नाही. आमच्या गटात यावरून माझी खरडपट्टी निघाली. एवढा पुरावा हातात असताना भावनेत वाहून गेलीस, असं म्हणाले. मीही दुसऱ्या कोणाला हेच म्हणाले असते. त्या प्लेटा अजून विकल्या जातात. मी हे लिहीत असताना लग्नसराई चालू आहे. या लिखाणात त्या घराचं नाव नाही, गावाचं नाव नाही. बेबी हे नाव तिथे घरोघरी असतं. ज्यांना खरं नाव हवं आहे त्यांनी ते पाकिटाच्या मागच्या बाजूला, चिकटपट्टीखाली शोधावं. तिथे कंपनीचं आहे.

निघताना निरोप घ्यायला मी परसात गेले. काकूही आता उकिरड्यात उतरल्या होत्या, लेकीच्या समोर. दोघींचे हात चालू होते. गुड्यावरचे ढोल वाजत होते. काकूंनी एक पापुद्रा ओढला, त्यावरची माती पदराने पुसली आणि टोपल्यात ठेवला, टाकला नाही, ठेवला.

"तू ऊठ, आई," बेबी म्हणाली. "तुही कंबर दुखते."

"तू ऊठ. सासरहून आली नं तू."

कोणीच उठलं नाही. पुढच्या पापुद्र्याला दोघींचा हात एकदम लागला आणि तो त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू मातीतून वर काढला.